रिकाम्या पिस्तुलाचा चाप: नुकसान कोणाचं?

मागच्या वेळी आपण 'अभाव' या पदार्थाविषयी बोललो. जमिनीवर घट नाही, हे आपल्याला नेमकं कशानं कळतं, असा तो प्रश्न होता. त्या व्याख्यानानंतर कोल्हापूरच्या एका श्रोत्या ताईंनी आम्हाला एक प्रश्न पाठवला. तो वरवर पाहता तत्त्वज्ञानाचा नाही, पण आज आपण तोच घेऊ.

त्यांची मुलगी नेमबाजी करते. कोल्हापूरला ही गोष्ट नवी नाही. २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्णपदक जिंकणारी राही सरनोबत तिथलीच. या मुलीनं दोन वर्षं १० मीटर एअर पिस्तूल केलं. तेव्हा प्रशिक्षक तिच्याकडून रोज शंभर वेळा रिकामा चाप ओढून घेत. याला 'ड्राय फायरिंग' म्हणतात. आता ती २५ मीटरच्या .२२ पिस्तुलाकडे वळली, तर नवे प्रशिक्षक सांगतात, "हे रिकामं चालवायचं नाही, खराब होतं." घरात आजोबा फौजेतले. ते म्हणतात, "आम्ही वर्षानुवर्षं केलं, काही झालं नाही." ताई विचारतात, "सर, यातलं खरं कोणाचं?"

आमचं उत्तर असं की तिघांचंही खरं. ते कसं, बघू या.

हातात चेंडू नसताना पूर्ण जोरानं फेकण्याची कृती करून बघा. खांद्याला हिसका बसतो. बाण न लावता ताणलेली दोरी सोडली तर धनुष्य मोडू शकतं. जोर तोच असतो, पण तो घेणारं पुढे कोणी नसतं, म्हणून तो साधनावरच उलटतो. पिस्तुलात हा जोर फायरिंग पिनचा. चाप ओढला की पिन पुढे झेपावते आणि काडतुसाच्या बुडावर आदळते. तिथला मऊ धातू चेपतो आणि पिनचा जोर त्यात जिरतो. काडतूस नसेल तर पिन कुठे थांबते? सगळं उत्तर या एका प्रश्नात आहे.

आजोबांच्या फौजी हत्यारांत ठिणगीचा मसाला काडतुसाच्या बुडाच्या मधोमध असतो. रिकामं चालवलं तर पिन त्या मधल्या पोकळीत जाते आणि तिच्या स्प्रिंगवर किंवा खांद्यावर अडते. आजची बहुतेक पिस्तुलं हे सोसतील अशीच बनवतात. ग्लॉक तर साफ करायला उघडण्याआधी रिकामा चाप ओढावाच लागतो. अपवाद आहेत. १९५२च्या चेक सैनिकी पिस्तुलाची पिन ठिसूळ म्हणून बदनाम आहे.

.२२ची गोष्ट वेगळी. त्यात मसाला काडतुसाच्या काठात भरलेला असतो, म्हणून पिन काठावर मारते. काडतूस नसेल तर काही पिस्तुलांत ती थेट चेंबरच्या कडेवर आदळते. एकदोनदा काही दिसणार नाही. हजारदा केलं की पिनचं टोक बोथट होतं, चेंबरच्या कडेला खाच पडते, काडतूस अडकायला लागतं, बार फुसका जातो. रुगरच्या मार्क मालिकेत पिनला अडवणारी एक छोटी आडवी पिन असते. ती जागेवर असेल तर रिकामं चालवायला हरकत नाही. साफ करून जोडताना ती बसवायची राहिली, तर तेच पिस्तूल स्वतःला ठोकत बसतं.

आणि एअर पिस्तूल? स्प्रिंगच्या जोरावर चालणाऱ्या साध्या एअर पिस्तुलात छर्रा नसेल तर हवेची गादी तयार होत नाही, आणि दट्ट्या धाडकन टोकाला आपटतो. ते रिकामं चालवू नये. पण स्पर्धेतली पिस्तुलं दाबलेल्या हवेच्या नळीवर चालतात, आणि त्यांत रिकाम्या सरावाची वेगळी सोय दिलेली असते. मुलीचे पहिले प्रशिक्षक चुकले नव्हते, ते असे.

नैयायिक इथे काय म्हणतील? 'जिथे धूर तिथे अग्नी' ही व्याप्ती बरोबर, पण 'जिथे अग्नी तिथे धूर' ही चूक. कारण धुराला ओलं लाकूड लागतं. या लपलेल्या अटीला ते 'उपाधी' म्हणतात. 'रिकामा चाप ओढला की पिस्तूल बिघडतं' या विधानातही उपाधी लपलेली आहे: पिनला थांबायला जागा आहे की नाही. आजोबांचा अनुभव खरा, पण तो त्यांच्या हत्याराचा. म्हणून ताई, आधी त्या पिस्तुलाचं माहितीपत्रक वाचा. त्यात मनाई असेल तर नकली काडतूस वापरा, आणि त्याच्या काठाला खड्डे पडले की तेही बदला.

मग हा सराव सोडूनच का देऊ नये? कारण त्याचा उपयोग मोठा आहे. एअर पिस्तुलाच्या लक्ष्यातला दहाचा गोल अवघा ११.५ मिलीमीटरचा. खरा बार झाला की धक्क्यात हाताची चूक लपते. रिकाम्या चापात ती लपत नाही. चाप सुटताना पुढची माशी हलली की लगेच दिसते.

आता ताईंनी न विचारलेला प्रश्न. पिस्तूल रिकामं आहे, हे कळलं कसं?

अभावाचं ज्ञान अनुपलब्धीनं होतं असं कुमारिलाचे अनुयायी मानतात. नैयायिक म्हणतात, ते प्रत्यक्षानंच होतं. वाद मोठा आहे, पण एका अटीवर दोघांचं एकमत: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून तो नाही, असं म्हणता येत नाही. मॅगझिन काढलं आणि चेंबरमध्ये पाहिलंच नाही, तर ती अंधारी खोलीच झाली. एक काडतूस आत बसलेलं असू शकतं.

म्हणून क्रम असा. आधी मॅगझिन काढायचं, मगच स्लाइड मागे ओढायची. उलट केलं तर मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये चढतं. मग डोळ्यांनी बघायचं, बोटानं चाचपायचं. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची. तोंड नेहमी अशा भिंतीकडे, जिच्या पलीकडे कोणी नाही. आणि सराव संपला की संपला. 'आता शेवटचं एकदा' हे तपासणीनंतर बऱ्याच वेळानं येतं, तेव्हा मधल्या काळात पिस्तूल भरलं गेलेलं असू शकतं.

आम्ही कॉलेजात एनसीसीत होतो. 'जाँच शस्त्र' म्हटलं की बोल्ट उघडून उस्तादांना चेंबर दाखवायचा. पाच मिनिटांपूर्वी दाखवला होता, ही सबब चालत नसे. तेव्हा आम्हाला तो जाच वाटे. पुढे अनुपलब्धी शिकवायला लागलो तेव्हा कळलं की उस्ताद आम्हाला प्रमाणशास्त्रच शिकवत होते.

पिन तुटली तर नवी मिळते, ताई. मुलीला पिस्तूल जपायला जरूर शिकवा. पण 'रिकामं आहे' हे वाक्य दर वेळी नव्यानं सिद्ध करायला त्याच्या आधी शिकवा. आजोबांनाही सोबत बसवा. त्यांना हे आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार.

आज इथेच थांबू.