हवेतली परीक्षा आणि मातीतली कसोटी
(धातुशोधक यंत्रे : लेखांक पाचवा)

गेल्या आठवड्याच्या लेखांकात धातुशोधक यंत्राच्या तीन मुख्य जुळण्यांची, म्हणजे संवेदनक्षमता, धातुभेद आणि भूमिसंतुलन यांची, आपण ओळख करून घेतली. त्यावर साहजिकच असा प्रश्न उपस्थित होतो की, या जुळण्या ठरवाव्यात कोठे आणि त्यांची पारख करावी कशी? नवे यंत्र हाती येताच ते मेजावर आडवे ठेवून त्याच्या कॉइलसमोरून एखादे नाणे हालवून पाहावे, आणि जितक्या अंतरावरून आवाज उमटेल तितकी त्याची पोच मानावी, अशी पद्धत सर्वत्र रूढ आहे. या हवेतल्या परीक्षेने काय कळते, काय कळत नाही, आणि जे कळत नाही ते जमिनीकडून कसे काढून घ्यावे, हा प्रस्तुत लेखांकाचा विषय होय.

या प्रश्नाचे गांभीर्य धातुशोधनाच्या इतिहासातील अगदी आरंभीच्या एका प्रकरणातच प्रकट झालेले आहे. 2 जुलै 1881 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात गोळ्या झाडण्यात आल्या, आणि त्यांपैकी एक गोळी शरीरात नेमकी कोठे रुतली आहे याचा थांग डॉक्टरांना लागेना, तेव्हा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी विद्युत्प्रवर्तनाच्या तत्त्वावर चालणारे एक उपकरण तातडीने सिद्ध केले. यादवी युद्धातील गोळी अंगात वागवीत जगणाऱ्या एका जुन्या सैनिकावर त्याची परीक्षा उत्तम उतरली. परंतु 1 ऑगस्ट रोजी अध्यक्षांच्या रुग्णशय्येपाशी एका निश्चित बिंदूऐवजी विस्तीर्ण भागावर क्षीण ध्वनी उमटत राहिला, आणि त्यावरून काहीच निष्पन्न होईना. घोड्याच्या केसांच्या गादीखाली पोलादी तारांची आणखी एक गादी होती, हे मागाहून उघडकीस आले. त्यातच मुख्य डॉक्टरांच्या समजुतीप्रमाणे शरीराची उजवी बाजूच तपासली गेली होती. 19 सप्टेंबर रोजी अध्यक्षांचे निधन झाल्यावर शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूस आढळली. उपकरणाचे तत्त्व निर्दोष होते. ज्या परिस्थितीत त्याला काम करावयाचे होते, त्या परिस्थितीचा अंतर्भाव मात्र पूर्वपरीक्षेत झालेला नव्हता.

आता यंत्राकडे वळू. कॉइलमधून वाहणारा प्रत्यावर्ती प्रवाह भोवताली चुंबकक्षेत्र निर्माण करतो. त्या क्षेत्रामुळे नाण्यात भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह उत्पन्न होतात. आणि त्या प्रवाहांचे स्वतःचे दुर्बल क्षेत्र कॉइलकडे परत येते. जाताना आणि येताना, असे दोन्ही वेळा अंतर आपला कर वसूल करते. कॉइलच्या आकाराच्या मानाने अंतर बरेच मोठे असेल, तर ते दुप्पट होताच लहान वस्तूचा प्रतिसाद चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. व्यवहारातल्या खोलीवर ही घट इतकी तीव्र नसली तरी पुष्कळच असते: 28 सेंटिमीटर व्यासाच्या कॉइलच्या मध्यरेषेवर नाणे 20 सेंटिमीटरवरून 25 वर गेले, तर गणिताने प्रतिसाद अडीच पटींहून अधिक घटतो, आणि 30 वर गेले तर त्याचा जेमतेम सहावा हिस्सा उरतो. कापणीनंतर शेतात उभ्या राहिलेल्या धसकटांमुळे कॉइल जमिनीपासून बोटभर नव्हे, तर तीनचार बोटे वर धरावी लागते, तेव्हा शोधकाने किती गमावले याचा अंदाज या आकड्यांवरून यावा. मेजावरच्या परीक्षेत धसकटे नसतात.

परंतु अंतराहून मोठा अडथळा खुद्द मातीचा आहे. हवा यंत्राशी काहीच बोलत नाही. माती बोलते, आणि पुष्कळदा नाण्याहून मोठ्याने बोलते. मॅग्नेटाइट आणि मॅगहेमाइट ही लोहखनिजे बहुतेक मातींत अल्पाधिक प्रमाणात असतात, आणि कॉइलच्या कक्षेत नाणे तोळाभरही नसले तरी माती मणांच्या हिशेबात असते. समुद्रकाठच्या ओल्या वाळूत ही खनिजे नसली तरी खारे पाणी स्वतःच वीज वाहून नेते आणि निराळ्याच प्रकारचा प्रतिसाद देते. आपल्या दख्खनच्या बेसाल्टपासून झालेली काळी जमीन आणि कोकणातला जांभा ही दोन्ही लोहखनिजांनी युक्त असल्यामुळे, इंग्लंडच्या चुनखडी मुलखात छापलेल्या खोलीच्या तक्त्यावर येथे विसंबणे धोक्याचे ठरेल. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांताच्या सुवर्णक्षेत्रांत तांबड्या मातीने सामान्य यंत्रांना इतके हैराण केले की, अखेर 1995 च्या सुमारास अखंड लहरींऐवजी तुटक स्पंदने सोडणारी निराळ्या जातीची यंत्रे तेथे प्रचारात आली.

भूमिसंतुलनाची जुळणी आहे ती मातीचा हा आवाज वजा करण्यासाठी. गवय्या घरी तंबोरा कितीही सुरेल लावून आलेला असो, मैफलीच्या जागी हवा बदललेली असल्याने तो तेथे पुन्हा लावतोच. तद्वत हे संतुलन प्रत्येक शेतात, आणि एकाच शेतात माती पालटली तर तेथेही, नव्याने साधावे लागते. त्यासाठी धातू नसलेला एक तुकडा निवडावा, कॉइल जमिनीलगत आणून पुन्हा वर उचलावी, आणि खालीवर होताना आवाज चढत नाही की उतरत नाही, अशी स्थिती येईपर्यंत जुळणी फिरवावी. संवेदनक्षमता वाढवणे हा याला पर्याय नव्हे. ती वाढवली की नाण्याबरोबर मातीचाही आवाज वाढतो, आणि खनिजयुक्त जमिनीत संवेदनक्षमता थोडी उतरवल्यावरच खोलवरचे नाणे स्पष्ट ऐकू येते, ही गोष्ट नवख्यांना विपरीत वाटली तरी पूर्णतः सत्य आहे.

ज्यांच्या प्राणांचा प्रश्न असतो त्यांनी या बाबतीत कसलीही मोघम भाषा चालू दिलेली नाही. कंबोडियाच्या जांभ्या मुलखात भूसुरुंग काढणाऱ्या पथकांपुढे अशा सुरुंगांची समस्या आहे की, ज्यांचे कवच प्लॅस्टिकचे असून आत धातूचा केवळ लहानसा अंश असतो. युरोपीय मानकीकरण समितीने 2003 साली सुरुंगशोधक यंत्रांच्या परीक्षेचे जे नियम मान्य केले, त्यांत हवेतली परीक्षा आणि मातीतली परीक्षा स्वतंत्रपणे घेण्याची तजवीज आहे. मातीचा खोडसाळपणा मोजण्याची त्यांची रीत तर मोठी उद्बोधक आहे: एका ठरावीक यंत्राची संवेदनक्षमता हवेत एका प्रमाणित पातळीवर आणावयाची, मग कॉइल निर्धातू जमिनीकडे हळूहळू खाली न्यावयाची, आणि जमिनीपासून ज्या उंचीवर यंत्र आवाज देऊ लागेल ती उंची नोंदवावयाची. शांत मातीत कॉइल जवळजवळ टेकेपर्यंत यंत्र गप्प राहते. उपद्रवी मातीत ते कितीतरी वरूनच ओरडू लागते. येथे यंत्राने मातीची परीक्षा घेतली आहे, आणि माझ्या मते धातुशोधकाने शिकण्याजोगी मुख्य गोष्ट हीच आहे.

माती शांत असली तरी तीत माणसाने टाकलेला केरकचरा असतोच. इंग्लंडच्या एखाद्या नांगरटीच्या शेतात पहिल्या एडवर्डच्या काळातील चांदीचा पेनी पडला आहे असे समजा: वजन दीड ग्रॅमहून कमी, व्यास दोन सेंटिमीटरांच्या आत, आणि जाडी कागदाच्या दोनतीन घड्यांइतकी. शेजारीच, चार बोटांवर, शेताच्या जुन्या कुंपणातला गंजका खिळा आहे. खिळ्याचा आवाज ऐकावयास नको म्हणून शोधकाने धातुभेदाची जुळणी लोखंड गाळण्यावर ठेवलेली असते. कॉइल त्यांवरून जाते. यंत्र प्रथम खिळा ओळखते, आवाज दाबते, आणि ते दाबणे पुरते सुटण्यापूर्वीच कॉइल पेनीच्या पुढे निघून जाते. शोधकाच्या कानी आली ती केवळ शांतता. हेच नाणे मेजावर वीतभर अंतरावरून खणखणले होते! अशा ठिकाणी लोखंड गाळणे कमी करून त्याचा खर्जातला आवाज ऐकण्याची तयारी ठेवावी, प्रतिसाद मोकळा होण्याचा वेग वाढवावा, लहान कॉइल लावावी आणि एकाच जागेवरून दोन काटकोनी दिशांनी जावे. यात खोली थोडी कमी होते हे खरे. पण जे नाणे गंजक्या खिळ्यांच्या सावलीत लपले आहे, ते खोलीने नव्हे, तर विवेकानेच सापडते.

मग मातीतली कसोटी घ्यावी कशी? प्रथम आपल्याच जमिनीचा एक तुकडा यंत्राने कसून तपासून निर्धातू करावा. पुष्कळजण नाणे खड्ड्यात ठेवून वरून माती लोटतात. परंतु उकरलेली माती भुसभुशीत असते आणि तिचा प्रतिसाद न उकरलेल्या मातीपेक्षा निराळा असतो. म्हणून प्लॅस्टिकची नळी बाजूने तिरकी खोचून तिच्या टोकाशी नाणे सरकवावे, म्हणजे वरचा थर अभंग राहतो. नाणे सपाट असताना एकदा आणि कडेवर उभे असताना एकदा तपासावे, कारण उभे नाणे पुष्कळच कमी प्रतिसाद देते आणि नांगर नाणी सपाट ठेवण्याची काळजी घेत नाही. त्यानंतर शेजारी खिळा ठेवून तीच परीक्षा करावी. एका वेळी एकच जुळणी बदलावी आणि बदल नोंदवहीत टिपावा. दोन जुळण्या एकदम बदलणाऱ्यास सुधारणा कशाने झाली हे कधीच कळत नाही. शेवटी हीच परीक्षा कोरड्या जमिनीत आणि पावसानंतरच्या ओल्या जमिनीत घ्यावी, कारण एकाच शेताचा स्वभाव दोन ऋतूंत दोन प्रकारचा असतो. एवढे केल्यावर प्रत्यक्ष खणताना यंत्राने सांगितलेली खोली आणि सापडलेली खोली शेजारीशेजारी लिहीत जावे. काही दिवसांनी ही वही यंत्राबरोबरच्या पुस्तिकेपेक्षा अधिक भरवशाची होते.

खोलीच्या हव्यासात काय हातचे जाते याची साक्ष 2009 सालच्या स्टॅफर्डशायर संचयाने दिलेली आहे. टेरी हर्बर्ट यांना हॅमरविच गावाजवळच्या नांगरलेल्या शेतात सापडलेले हे अँग्लो-सॅक्सन सोने, सुमारे चार किलोग्रॅम, जमिनीच्या वरच्याच थरात विखुरलेले होते, आणि त्यांच्या हाती होते ते एक जुने यंत्र. नांगराने वर आणलेले पुढच्या नांगराने तुटते, गंजते आणि हरवते. म्हणून वरची वीतभर माती नीट ऐकणे हीच शोधकाची पहिली जबाबदारी आहे.

आणि आवाज खरा ठरला की दुसरी जबाबदारी सुरू होते. इंग्लंडमध्ये 1996 च्या निधिविषयक कायद्यान्वये निधी ठरणारी वस्तू चौदा दिवसांच्या आत कॉरोनरला कळवावी लागते. आपल्याकडे 1878 च्या निधिविषयक कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचा जमिनीतील ठेवा सापडल्यास त्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे, आणि संरक्षित स्मारकांच्या आवारात परवान्यावाचून खोदकाम करण्यास 1958 च्या कायद्याने मनाई आहे. किल्ल्याच्या परिसरात वा जुन्या गढीच्या ढिगाऱ्यात यंत्र घेऊन हिंडणाऱ्या तरुणांना माझी कळकळीची विनंती आहे की, त्यांनी आपल्या यंत्राची परीक्षा स्वतःच्या शेतात, स्वतः पुरलेल्या नाण्यावर हवी तितकी घ्यावी. पण इतिहासाच्या जमिनीत कुदळ घालण्याचा अधिकार पुरातत्त्व खात्याकडे राहू द्यावा. खणून काढलेले नाणे संग्रहात ठेवता येते. ते ज्या थरात होते तो थर मात्र एकदा मोडला की पुन्हा रचता येत नाही.

पुढील लेखांकात कॉइलचे आकार आणि त्यांची निवड यांचा विचार करू.