योगवर्गातील गर्दी आणि साधनेचे भान

वर्ग सकाळी सहाचा असतो. पण पावणेसहालाच पंख्याखालच्या आणि खिडकीजवळच्या जागा मॅट अंथरून अडवलेल्या असतात. उशिरा येणारा साधक दोन मॅटमधील चिंचोळ्या जागेत आपली मॅट सरकवतो, शेजाऱ्याच्या कपाळावर आठी उमटते आणि मनःशांतीसाठी भरलेल्या वर्गाचा प्रारंभच अशांततेने होतो. शहरांतील अनेक योगवर्गांत हे दृश्य आता नित्याचे झाले आहे.

हठयोगाच्या जुन्या परंपरेला ही गर्दी अभिप्रेत नव्हती. स्वात्मारामांच्या 'हठप्रदीपिके'त साधनेसाठी एकांतातील लहानशी कुटी सांगितली असून, योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टींत जनसंगाचीही गणना केली आहे. योग समाजापर्यंत पोहोचला तो विसाव्या शतकात आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. श्री योगेंद्र यांनी १९१८ मध्ये मुंबईत 'द योगा इन्स्टिट्यूट', तर स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात 'कैवल्यधाम' स्थापन केले. बी. के. एस. अय्यंगार यांची पुण्यातील संस्था १९७५ पासून कार्यरत आहे. २१ जून २०१५ रोजी, पहिल्या आंतरराष्ट्रीय योगदिनी, दिल्लीच्या राजपथावर ३५ हजार ९८५ जणांनी एकत्र योगासने केली. एकांतातील साधना समूहात आली, की तिला शिष्टाचाराची जोड द्यावीच लागते.

हा शिष्टाचार बाहेरून आणण्याची गरज नाही. पतंजलींच्या अष्टांगयोगात आसनाचा क्रम तिसरा आहे. त्याआधी यम आणि नियम येतात. मैत्रिणीसाठी जागा अडवून ठेवणे हे अपरिग्रहात बसत नाही आणि इतरांच्या शांततेचा भंग करणे अहिंसेत बसत नाही. स्वच्छ मॅट, धुतलेले कपडे आणि उग्र अत्तराचा अभाव हे शौचाचेच व्यावहारिक रूप होय.

काही साध्या गोष्टींनी गर्दी सुसह्य होते. दहा मिनिटे आधी पोहोचावे, दुसऱ्याची मॅट तुडवू नये, मोबाईल बंद ठेवावा. पुढच्या रांगेतील दोन मॅटच्या मधोमध मागची मॅट अंथरली, तर वीरभद्रासनात किंवा त्रिकोणासनात पसरलेले हात शेजाऱ्याला लागण्याची शक्यता कमी होते. कपालभातीच्या वेळी रुमाल जवळ ठेवावा; सर्दी-खोकला असल्यास त्या दिवशी घरीच राहावे. लवकर निघायचे असेल, तर शवासन सुरू होण्यापूर्वीच निघावे. सर्व जण निश्चल पडलेले असताना मॅट गुंडाळण्याचा आवाजही विश्रांती मोडतो.

गर्दीचा खरा धोका मात्र वेगळाच आहे. शेजाऱ्याचे डोके गुडघ्याला टेकलेले पाहून आपलेही टेकवण्याचा अट्टहास केला जातो आणि मग स्नायू दुखावतो किंवा कंबर धरते. पतंजलींनी आसनाच्या दोनच खुणा सांगितल्या आहेत, स्थैर्य आणि सुख. स्पर्धेत या दोन्ही हरवतात. मोठ्या वर्गात शिक्षकाची नजर प्रत्येकापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे रक्तदाब, पाठीचे दुखणे, गर्भावस्था किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांची कल्पना साधकाने आधीच द्यायला हवी. शिक्षकानेही शरीराला हात लावून आसन सुधारण्यापूर्वी संमती विचारावी आणि आपले लक्ष पुरेल इतक्याच साधकांना प्रवेश द्यावा. जागा नसताना प्रवेश देत राहणाऱ्या वर्गात शिष्टाचाराचा सगळा भार साधकांवर टाकणे योग्य नव्हे.

योगाची परीक्षा शरीर किती वाकते यावर होत नाही. उशिरा आलेल्यासाठी कपाळावर आठी न घालता आपली मॅट वीतभर सरकवणे, हेच त्या सकाळचे पहिले आसन मानायला हरकत नाही.