फोटोतला शिपाई कोण?

जुन्या फोटोवर नाव नसले तरी शिपायाचे कपडे सांगतात. बाहीवर एक फीत म्हणजे लान्स नाईक, दोन नाईक, तीन हवालदार. खांद्यावर पलटणीचा पितळी आकडा असतो. शेजारच्या आजींच्या फोटोत ११७ आहे, म्हणजे ११७ वी मराठा पलटण. ती १९१५-१६ साली इराकात कुत गावी वेढ्यात सापडली होती. आजींचे आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ दोघेही तिकडे गेले. आजोबाच परत आले. मग फोटो कोणाचा? छातीवर राजाचे तोंड असलेले गोल पदक दिसते. तसलेच पदक आजींच्या डब्यात निघाले. मागे घोडेस्वार आणि १९१४, १९१८. हे पदक लढाई संपल्यावर, १९१९ साली सुरू झाले. मेलेला माणूस ते कसं लावणार? पदकाच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरे होती. गुरुजींनी भिंगातून वाचली: नंबर, पलटण आणि आजोबांचेच नाव! धाकट्यांचा फोटो मात्र घरात कुठेच नाही.