सायकलच्या चाकाचे ‘क्विक रिलीज’ : रचना, सदोष वापर आणि घाटउतारावरील धोका

प्रास्ताविक :

वेण्णा नदीच्या खोऱ्यात, सातारा-महाबळेश्वर मार्गावर वसलेले मेढा हे जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण होय. येथून केळघरमार्गे महाबळेश्वरचा घाट चढतो. तेराशे मीटरहून अधिक उंचीच्या पठारावरून मेढ्याकडे उतरणारा हा रस्ता सायकलस्वाराला जितका मोहात पाडतो तितकाच त्याची परीक्षा पाहतो. वळणावळणाला पुढचा ब्रेक दाबावा लागतो आणि प्रत्येक वेळी पुढचे चाक चिमट्यात धरून ठेवणाऱ्या एका लहानशा भागावर ताण येतो. अनेक गिअरच्या सायकलींत हा भाग ‘क्विक रिलीज’ या नावाने ओळखला जातो. उतारावर तो निकामी झाल्यास चाक चिमट्यातून निसटते व स्वार पुढच्या पुढे कोसळतो. मात्र निकामी होणे म्हणजे तुटणेच असे नव्हे. पुष्कळदा हा भाग शाबूत असतो, परंतु आवळलेला नसतो. आणि तो आवळलेला नाही हे वरवर पाहून कळत नाही. या विषयाचे खरे मर्म येथे आहे.

रचना व कार्य :

साध्या सायकलचे चाक आसाच्या दोन्ही टोकांवरील नटांनी, पान्याच्या साहाय्याने आवळले जाते. क्विक रिलीजमध्ये आस पोकळ असतो व त्यातून सुमारे पाच मिलिमीटर जाडीची सळई आरपार जाते. तिच्या एका टोकाला नट व दुसऱ्या टोकाला लिव्हर असते. लिव्हरच्या मुळाशी कॅम, म्हणजे केंद्र सरकलेला गोल ठोकळा असतो. लिव्हर मिटताच कॅम सळईला किंचित खेचतो, सळई ताणली जाते आणि चिमट्याची दोन्ही टोके आसावर घट्ट दाबली जातात. म्हणजे चाकाला धरून ठेवतो तो या ताणलेल्या सळईतील ताण. आटे केवळ प्रारंभीची जुळणी करतात.

या युक्तीचे श्रेय इटलीच्या तुल्लिओ काम्पान्योलो यांना दिले जाते. १९२० च्या दशकातील एका शर्यतीत, क्रोचे दाउने या खिंडीत, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी चाकाचे नट सुटेनात, म्हणून त्यांना ही कल्पना सुचली अशी कथा आहे. तिच्या तपशिलांविषयी नंतरच्या अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. त्यांनी १९३३ मध्ये व्हिचेन्झा येथे कंपनी स्थापन केली, हे मात्र निश्चित.

सदोष वापर :

आपल्याकडील कारागिराचा हात नट-पान्यावर घडलेला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभही १८८८ मध्ये बेळगावातील सायकलच्या दुकानातून झाला आणि पुढे १९१० मध्ये, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी उभी राहिली. नट-पान्याची सवय झालेल्या हाताला क्विक रिलीजची लिव्हर म्हणजे पान्याची सोय असलेला नटच वाटतो. तो ती गोल फिरवून ‘आवळतो’. अशा वेळी कॅम उघडाच राहतो, दाब जेमतेम बोटांच्या जोराइतका येतो आणि तरीही सायकल सपाट रस्त्यावर व्यवस्थित चालते! स्वाराचे वजन चिमट्याला आसावर दाबून ठेवत असल्याने चूक उघडकीस येत नाही.

योग्य रीत अशी : लिव्हर सळईच्या सरळ रेषेत आली असता प्रथम विरोध जाणवावा, इतका समोरचा नट फिरवावा, नंतर तळहाताने जोर देऊन लिव्हर पूर्ण मिटावी. तळहातावर तिचा वळ उमटला नाही, तर पकड अपुरी समजावी. सळईवरील दोन्ही शंक्वाकार स्प्रिंगांची निमुळती टोके आतल्या बाजूस असावी लागतात. उलट बसलेली स्प्रिंग आस व चिमटा यांच्यामध्ये अडकू शकते.

मात्र हाताला लागणारा जोर हाही नेहमी विश्वासार्ह पुरावा नसतो. कॅम उघड्यावर असलेल्या, हलक्या वजनाच्या प्रकारांत चिखल व गंज यांमुळे घर्षण वाढते. लिव्हर कष्टाने मिटते, परंतु त्या कष्टाचा मोठा भाग घर्षणात खर्ची पडून सळई पुरेशी ताणली जात नाही. महाबळेश्वर परिसरातील जांभ्याची लाल माती आणि तेथील प्रचंड पाऊस लक्षात घेता ही बाब गौण मानता येत नाही. बंदिस्त कॅमचा जुना, जड प्रकार या दृष्टीने अधिक खात्रीचा ठरतो.

डिस्क ब्रेकने बदललेली दिशा :

रिमवर दाबणाऱ्या ब्रेकमुळे चाक खाचेतून खाली ओढले जात नाही. डिस्क ब्रेकची गोष्ट वेगळी. त्याचा जबडा सामान्यतः चिमट्याच्या डाव्या पायामागे असतो. चाकाचा मागील भाग वर जात असतो, म्हणून जबडा डिस्कला खाली ढकलतो आणि खाचेचे तोंडही खालीच असते. जेम्स अ‍ॅनन यांनी २००३ मध्ये या दोषाकडे लक्ष वेधले.

याचे परिमाण साध्या गणिताने कळते. स्वारासह ९० किलो वस्तुमानाची सायकल गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या दराने मंदावत असेल, तर रस्त्याचा रोध सुमारे ४४० न्यूटन असतो. चाकाची त्रिज्या ३४ सेंटिमीटर आणि डिस्कची प्रभावी त्रिज्या ७.५ सेंटिमीटर धरल्यास डिस्कवरील बल सुमारे साडेचारपट, म्हणजे २००० न्यूटन होते. पुढच्या चाकावरील भार वजा करूनही हजाराहून अधिक न्यूटन उरतात आणि त्यांचा मोठा वाटा डाव्या खाचेवरच पडतो. आयएसओ ४२१० या मानकातील चाचणीत आसाच्या दोन्ही बाजूंवर समप्रमाणात मिळून २३०० न्यूटन बल लावले जाते, म्हणजे एका बाजूस ११५०. नीट आवळलेल्या सळईची पकड या किमान मर्यादेपेक्षा बरीच अधिक असते, हे खरे. परंतु अर्धवट मिटलेल्या कॅमपाशी राखीव असे काहीच उरत नाही.

लिव्हरचा दुसरा धोका २०१५ मध्ये समोर आला. एकशे ऐंशी अंशांहून अधिक उघडणारी लिव्हर सैल राहिल्यास फिरत्या डिस्कमध्ये अडकून चाक थांबवू शकते, या कारणास्तव ट्रेक कंपनीने अमेरिका व कॅनडातील सुमारे १० लाख सायकली दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. नोंदलेल्या तीन अपघातांपैकी एकात स्वाराचे चारही अवयव लुळे पडले. लिव्हर पूर्ण उघडली असता तिच्यात व डिस्कमध्ये किमान ६ मिलिमीटर, म्हणजे साधारण पेन्सिलीच्या जाडीएवढे, अंतर राहिले पाहिजे, अशी कसोटी त्यानंतर रूढ झाली. आता डिस्क ब्रेकच्या अनेक सायकलींत खाचेऐवजी बंद छिद्रातून जाणारा, आट्यांनी बसणारा जाड आस वापरला जातो. कमी किमतीच्या सायकलींत मात्र डिस्क ब्रेक आणि क्विक रिलीज ही जोडी अद्याप आढळते.

चिमट्याच्या टोकांशी बहुधा लहानसे उंचवटे ठेवलेले असतात. पकड सैल झाली तरी चाक लगेच निसटू नये, हा त्यांचा हेतू. चाक झटपट निघावे म्हणून ते कानशीने घासून टाकण्याचा प्रघात काही हौशी स्वारांत आहे. तो निखालस चुकीचा होय. पुढच्या चाकाची तपासणी घरून निघताना केली तरी ती घाटमाथ्यावर पुन्हा करणे इष्ट. चढ संपल्यावर सायकल चहाच्या टपरीशेजारी उभी असते, कुतूहलाने कोणीतरी लिव्हर उघडून पाहते आणि ती तशीच अर्धवट मिटून ठेवते. अशा वेळी पुढचे चाक उचलून त्यावर वरून मुठीने ठोसा मारावा. आस खाचेत जराही हलला, तर केळघरच्या पहिल्या वळणापूर्वीच लिव्हर उघडून पुन्हा मिटावी.