साखर काढली, मग तिच्या जागी काय भरलं?

1976 साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस नावाचे एक तरुण संशोधक साखरेच्या रेणूत क्लोरीन घालून काय होतं ते पाहत होते. नव्या पदार्थाची चाचणी घ्यायला त्यांना सांगण्यात आलं, त्यांनी ऐकलं 'चाखून पाहा', आणि खरोखरच तो जिभेवर ठेवला. प्रयोगशाळेतलं अनोळखी रसायन तोंडात घालायचं नसतं, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. पण त्या चुकीतून सुक्रलोज हाती लागलं. साखरेहून सुमारे 600 पट गोड, उष्णतेला बऱ्यापैकी टिकणारं, म्हणून कढईत चालणारं. दिवाळीत मिठाईवाल्याकडे 'शुगर फ्री' अशी पाटी लावून वेगळा ट्रे मांडलेला असतो, त्यातल्या बर्फीला हीच किंवा अशीच कुठलीतरी गोडी असते.

या 600 पटीतच सगळी गोम आहे. किलोभर बर्फीत तीन-चारशे ग्रॅम साखर पडत असेल, तर तेवढ्या गोडीला अर्धा-पाऊण ग्रॅम सुक्रलोज पुरतं. मग उरलेले तीन-चारशे ग्रॅम कशाचे? साखर नुसती गोड नसते. ती पाक धरते, वडीला अंग देते, वजन देते, मिठाई टिकवते. ती काढली की खड्डा पडतो आणि तो काहीतरी घालून भरावाच लागतो. मधुमेहींसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कुठल्याही गोड पदार्थाची किंमत ठरवायची, तर हा खड्डा कशाने भरला ते आधी पाहावं.

पेढ्याचंच घ्या. म्हशीचं लिटरभर दूध आटवलं की दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम खवा पडतो. दुधातली लॅक्टोज ही साखर आटत नाही, ती खव्यात उतरते. आहारतक्त्यांनुसार म्हशीच्या दुधाच्या 100 ग्रॅम खव्यात सुमारे 420 कॅलरी, 31 ग्रॅम स्निग्धांश आणि 20 ग्रॅम कर्बोदकं असतात. आता 25 ग्रॅमचा साधा पेढा घेऊ, ज्यात एक तृतीयांश साखर आहे. त्याच्या कॅलरी होतात शंभरच्या जरा वर, कर्बोदकं साडेअकरा ग्रॅमच्या आसपास. तेवढ्याच वजनाचा निव्वळ खव्याचा, सुक्रलोजवाला पेढा घेतला तर कर्बोदकं निम्म्यावर येतात, पाच ग्रॅम. कॅलरी मात्र पुन्हा शंभरच्या जरा वरच! स्निग्धांश तर पाचावरून आठ ग्रॅमवर चढतो. म्हणजे एका पेढ्यापुरता रक्तातल्या साखरेचा फायदा खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण पाटी वाचून 'मला चालतो' म्हणत माणूस दुसरा उचलतो, आणि तिथे कर्बोदकांचा हिशेब जवळपास बरोबरीत येतो, कॅलरी दुप्पट होतात. टाइप 2 मधुमेहात वजन आटोक्यात ठेवणं हे अर्धं औषध असतं, त्याचा मग बोऱ्या वाजतो.

खव्याऐवजी माल्टोडेक्स्ट्रिन घातलेलं असेल, तर गोष्ट आणखी वाईट. हा स्टार्चपासून केलेला भुगा चवीला जेमतेम गोड असतो, पण रक्तातली साखर साखरेइतकीच, किंबहुना जास्त वेगाने चढवतो. 'साखर न घातलेल्या' खजूर-अंजीर रोलबद्दल तर बोलायलाच नको. वाळलेल्या खजुरात वजनाच्या साधारण दोन तृतीयांश साखरच असते, ती झाडाने घातलेली एवढंच. गुळाचंही तेच. तो बहुतांशी सुक्रोजच आहे.

चॉकलेटमध्ये हा खड्डा बहुधा माल्टिटॉलने भरतात. सॉर्बिटॉल, आयसोमाल्ट, झायलिटॉल, एरिथ्रिटॉल ही त्याचीच भावंडं, यांना पॉलिऑल म्हणतात. माल्टिटॉल जवळपास साखरेइतकं गोड आणि तिच्यासारखंच अंग देणारं, म्हणून कारखान्यांचं लाडकं. आतड्यात ते फुटून ग्लुकोज आणि सॉर्बिटॉल होतं. ग्लुकोज रक्तात जातं, सॉर्बिटॉल अर्धवट शोषलं जातं. साखरेने जेवढी रक्तशर्करा चढते, त्याच्या निम्मी तरी याने चढते. साध्या मिल्क चॉकलेटच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 50 ग्रॅम साखर आणि 530 कॅलरी असतात. ती सगळी साखर काढून माल्टिटॉल घातलं, तर 200 कॅलरींच्या जागी 120 येतात. वाचल्या ऐंशी, कारण कोको बटर आणि दुधाची साय आपापल्या जागी तशीच राहते. उरलेलं न शोषलेलं पॉलिऑल मोठ्या आतड्यात पोचतं, तिथले जिवाणू ते आंबवतात, मग पोट फुगतं, गुडगुडतं आणि कधी धावपळही होते. आपल्याकडच्या पाकिटांवर पॉलिऑल रेचक ठरू शकतात अशी सूचना बारीक अक्षरांत असते, ती उगाच नाही. घरात कुत्रा असेल तर झायलिटॉलची गोळी त्याच्या तोंडी लागू देऊ नका. माणसाला निरुपद्रवी असलेलं हे द्रव्य कुत्र्याच्या जिवावर बेततं.

जर्मनीत मधुमेहींसाठीची बिस्किटं, जॅम, चॉकलेटं यांचं स्वतंत्र कपाट कित्येक दशकं दुकानात असायचं. त्यात साखरेऐवजी फ्रुक्टोज आणि सॉर्बिटॉल असे. मधुमेह्यांना वेगळ्या खाऊची गरज नाही, उलट यातल्या बऱ्याच वस्तूंत स्निग्धांश आणि कॅलरी जास्त असतात, असं तज्ज्ञ सांगत राहिले. अखेर 2010 मध्ये तिथल्या सरकारने नियम बदलले आणि 2012 च्या ऑक्टोबरपासून असा शिक्का मारून विकणं बंद झालं. ब्रिटनमधली डायबिटीस यूके ही रुग्णांची संस्थाही असे पदार्थ घेऊ नका असंच सांगते. भारतात मात्र 10 कोटींवर मधुमेही असल्याचा अंदाज 2023 मध्ये आयसीएमआरच्या पाहणीने दिला, आणि एवढं मोठं गिऱ्हाईक कोण सोडेल?

मग गोडी देणारी ही द्रव्यं टाकाऊच का? तसं नाही. जिथे साखर हाच सगळा पदार्थ आहे, म्हणजे चहा, सरबत, लिमलेटची गोळी, तिथे ती काढली की खरंच निघून जाते, कारण भरायला खड्डाच नसतो. दिवसातून चार कप चहा, दर कपात दोन चमचे, म्हणजे रोजची 40 ग्रॅम साखर. ती सोडणं हे महिन्यातून एकदा महागडं चॉकलेट आणण्यापेक्षा कितीतरी मोठं काम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये वजन कमी करण्यासाठी ही द्रव्यं वापरू नका असं म्हटलं, पण तो सल्ला आधीच मधुमेह असलेल्यांना लागू नाही. त्याच वर्षी एरिथ्रिटॉलचं रक्तातलं जास्त प्रमाण आणि हृदयविकार यांचा संबंध दाखवणारं संशोधनही आलं. एकाने दुसरं घडवलं हे त्यातून सिद्ध होत नाही, तरी मूठमूठ खाण्याचा परवाना नाही एवढं नक्की.

सणाला अर्धा साधा पेढा किंवा 70 टक्के कोकोच्या डार्क चॉकलेटची दहा ग्रॅमची वडी घ्यावी. त्या वडीत साखर तीनेक ग्रॅम असते. जेवणाबरोबर खावी आणि त्या दिवशी भात-पोळी तेवढी कमी करावी. शुगर फ्री मिठाई घ्यायचीच असेल तर पाकीटबंद घ्या आणि मागच्या तक्त्यातला 'एकूण कर्बोदकं' हा आकडा वाचा. सुट्या मिठाईवर तो नसतो.

इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र खिशात शुगर फ्री चॉकलेट ठेवून निर्धास्त राहू नये. साखर एकदम उतरून घाम फुटला, हातपाय थरथरले, तर ते काही कामाचं नाही. तेव्हा लागते 15 ग्रॅम ग्लुकोज पावडर किंवा तीन चमचे साधी साखर, पाण्यात ढवळून, लगेच.