लिनक्समध्ये आपला प्रोग्रॅम ठेवावा कोठे?

डेबियन किंवा उबुंटूमध्ये ‘/यूएसआर’ ही डिरेक्टरी पॅकेज व्यवस्थापकाच्या ताब्यात असते. तेथील फाइल हाताने बदलली, तर त्या पॅकेजची नवी आवृत्ती येताच आपला बदल निमूटपणे पुसला जातो. तो गेल्याचे कळते तेही उशिरा. अपवाद त्यातल्याच ‘/यूएसआर/लोकल’चा. हा कोपरा वापरकर्त्यासाठी राखीव आहे. शिवाय पाथमध्ये तो आधी येत असल्याने त्याच नावाचा आपला प्रोग्रॅम प्रथम चालतो. एका संगणकापुरते एवढे पुरे. यंत्रे दहा झाली, की मात्र ‘डेब’ पॅकेज बांधण्याचे कष्ट घ्यावेत: कोणत्या यंत्रावर कोणती आवृत्ती आहे ते कळते, आणि प्रोग्रॅम काढताना त्याच्या फाइली मागे उरत नाहीत. ‘लाइव्ह-बिल्ड’ने स्वतःची आयएसओ घडवणे मोहक खरे, पण सुरक्षा दुरुस्त्या येत राहतात आणि ती शिळी होते, मग पुन्हा घडवणे आपल्याच गळ्यात.