बिशप कुठून आणायचा?

संपादकांनी विषय दिला तो रोमपासून फुटून निघालेल्या, जुनंच धरून ठेवू पाहणाऱ्या कॅथलिक संघांचा. नगरच्या सावेडीत बसून त्यावर काय लिहावं, असं कुणालाही वाटेल. पण नगरच्या कॅथलिकांचा या गोष्टीशी थेट संबंध आहे. 1886 मध्ये पोप तेरावे लिओ आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला, भारतातल्या धर्मप्रांतांची नव्याने आखणी झाली आणि पुणे धर्मप्रांत अस्तित्वात आला. नगर जिल्हा त्याच्याच हद्दीत आला. नाशिकचा धर्मप्रांत वेगळा व्हायला 1987 साल उजाडावं लागलं. ज्या कराराने आमच्याकडची घडी बसवली, त्याच कराराने गोव्यातला एक पादरी पेटून उठला आणि त्याने रोमला न मानणारं स्वतंत्र कॅथलिक चर्च उभं केलं. त्याचं नाव आंतोनियो फ्रान्सिस्को झेवियर आल्वारिस.

भांडणाचं मूळ थोडक्यात सांगतो. पूर्वेकडच्या चर्चवर बिशप नेमण्याचा हक्क पोर्तुगालच्या राजाकडे होता. त्याला पाद्रोआदो म्हणत. पोर्तुगालचं बळ ओसरलं तसं रोमने प्रोपागांडा या आपल्या खात्यामार्फत थेट माणसं पाठवायला सुरुवात केली. मुंबईत तर एक चर्च गोव्याच्या आर्चबिशपचं आणि शेजारचं रोमच्या प्रतिनिधीचं, अशी स्थिती कित्येक वर्षं होती. गोव्याच्या पादऱ्यांना यात आणखी एक गोष्ट बोचत होती. त्यांच्या पिढ्यांनी सांभाळलेले धर्मग्राम युरोपातून आलेल्या मिशनऱ्यांच्या हाती जात होते. 1886 च्या कराराने पाद्रोआदोचा पुष्कळ भाग कापला गेला. कानडा किनाऱ्यावर आणि सिलोनमध्ये अनेकांनी ते मानायला नकार दिला. कोलंबोत राहणारे गोव्याचे डॉक्टर लिस्बोआ पिंटो या चळवळीत पुढे होते. आल्वारिस तिचे धर्मगुरू झाले.

इथवरचा इतिहास इतर फुटींसारखाच आहे. मला गुंतवून ठेवलं ते पुढच्या पेचाने. बंड करणाऱ्यांकडे माणसं होती, इमारती होत्या, वर्तमानपत्रं होती, पण बिशप नव्हता. आणि कॅथलिक व्यवस्थेत बिशपवाचून पुढची पिढी नाही. मिस्सा फादर करतात, पण नवा फादर घडवायचा तर बिशपनेच त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा. नवा बिशप करायचा तरी तेच, जुन्या बिशपने हात ठेवायचे, आणि त्याच्यावर आधी कुणीतरी ठेवलेले असायचे. ही साखळी थेट प्रेषितांपर्यंत जाते, अशी श्रद्धा आहे. घरात दूध कितीही असो, विरजणाला चमचाभर जुनं दही लागतंच, तसंच हे. ठराव करून, सह्या गोळा करून किंवा पैसे ओतून बिशप तयार होत नाही. जो परंपरा मोडायला निघाला आहे त्याला याची फिकीर नसते. जो परंपरा राखायला म्हणून बाहेर पडला आहे त्याचे पाय मात्र इथेच अडतात.

आल्वारिस केरळात गेले. मलंकराच्या सिरियन ऑर्थोडॉक्स चर्चकडे ही साखळी होती आणि रोमशी त्यांचा संबंध नव्हता. अंतियोखच्या पॅट्रिआर्कची संमती मिळाली. 28 जुलै 1889 रोजी कोट्टयमच्या ओल्ड सेमिनरीत मार अथानासिओस यांनी त्यांना बिशपपदाची दीक्षा दिली. आल्वारिस त्रेपन्न वर्षांचे होते. वेर्ण्यात जन्मलेला, आयुष्यभर लॅटिन मिस्सा केलेला हा गोंयकार सिरियन बिशपांपुढे गुडघे टेकून बसला, डोक्यावर हात ठेवले गेले, आणि उठला तो मार युलियुस होऊन. रोमच्या अधिकाराखालून बाहेर पडले तरी त्यांनी उपासना लॅटिन पद्धतीचीच ठेवली. तेच तर राखायचं होतं.

पुढे ही साखळी कुठे गेली ते पाहिलं की मन थक्क होतं. 29 मे 1892 रोजी कोलंबोत आल्वारिस यांनी रने विलात या फ्रेंच माणसाला बिशप केलं. तो अमेरिकेतून मुद्दाम त्यासाठी आला होता. विलातने 1921 मध्ये शिकागोत जॉर्ज अलेक्झांडर मॅग्वायर यांना बिशपपद दिलं आणि कृष्णवर्णीयांचं आफ्रिकन ऑर्थोडॉक्स चर्च उभं राहिलं. सॅन फ्रान्सिस्कोत जॅझ वादक जॉन कोल्ट्रेन यांना संत मानणारं चर्च 1982 मध्ये त्याच चर्चमध्ये सामील झालं. त्या वेदीमागे वेर्ण्याच्या एका पादऱ्याचे हात आहेत, हे गोव्यातसुद्धा किती जणांना ठाऊक असेल?

आल्वारिस यांच्या स्वतःच्या वाट्याला काय आलं? पोर्तुगालच्या हक्कासाठी ते रोमशी भांडले आणि पोर्तुगीज गोव्यात बिशपचा पोशाख घातला म्हणून पकडले गेले. क्रूस आणि अंगठी काढून घेतली गेली. नंतरची वर्षं त्यांनी पणजीत गोरगरिबांच्या आणि आजाऱ्यांच्या सेवेत घालवली. कॉलऱ्यावरच्या उपचारांची पुस्तिका त्यांनी आधीच लिहिली होती. हा माणूस हट्टी होता, पण त्याचा हट्ट खुर्चीसाठी नव्हता, असं माझं स्पष्ट मत आहे. 23 सप्टेंबर 1923 रोजी रायबंदरच्या इस्पितळात ते वारले. शेवटपर्यंत रोमशी समेट केला नाही. सांत इनेजच्या दफनभूमीत एका बाजूला त्यांना पुरलं. चार वर्षांनी स्नेह्यांनी अस्थी गोळा करून त्यांवर दगड बसवला. आज त्या अस्थी रायबंदरच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आहेत.

त्यांच्या चर्चची स्थिती मात्र काळजीत टाकणारी आहे. आल्वारिस यांच्यानंतर त्यांच्या लोकांना स्वतःचा बिशप मिळाला नाही. सिलोनची शाखा विरून गेली, गोव्यात फार थोडे उरले. टिकलं ते उडुपीजवळचं ब्रह्मावर. तिथे फादर रॉक झेफ्रिन नोरोन्या यांनी 1936 मध्ये मरेपर्यंत कोंकणी बोलणाऱ्या या लोकांना शाळा आणि चर्चभोवती धरून ठेवलं. पण फादर केरळातूनच मिळणार, बिशप केरळातूनच येणार, मग उपासना तरी वेगळी किती दिवस राहील? लॅटिन मिस्सा हळूहळू गेली आणि सिरियन विधी आला. 2010 पासून ब्रह्मावर हा मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चचा एक धर्मप्रांत आहे. समाज वाचला, ज्यासाठी घर सोडलं ते मात्र राहिलं नाही.

बिशप कुठून आणायचा, हाच पेच पुढे आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांच्यापुढे आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरचे बदल नकोत म्हणून 1970 मध्ये त्यांनी संत दहावे पायस यांच्या नावाने संघ काढला. त्याचे फादर तमिळनाडूत पाळैयंकोट्टैलाही आहेत. लफेव्र स्वतः बिशप होते, म्हणून कुणाच्या दारात जावं लागलं नाही. पण ब्याऐंशीव्या वर्षी आपल्यामागे कोण, हा प्रश्न उभा राहिला. 30 जून 1988 रोजी स्वित्झर्लंडमधल्या एकोन इथे पोपच्या परवानगीशिवाय त्यांनी चौघांना बिशप केलं, आणि सगळ्यांवर बहिष्कार जाहीर झाला. चौघांवरचा तो 2009 मध्ये उठला. संघाला अधिकृत स्थान मिळालं नाही. चौघांतल्या विल्यमसन यांना 2012 मध्ये संघाने काढलं. त्यानंतर त्यांनी स्वतःचे वेगळे बिशप करायला घेतले. 2025 च्या सुरुवातीला चौघांपैकी दोघेच हयात होते, आणि दोघांनीही पासष्टी ओलांडली होती.